मिठाची वाट

हिमालयात जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "थंडी फार होती का हो?" आणि दुसरा, "काय काय पाहिलंत?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. थंडी होती. दुसऱ्यापाशी मात्र मी घोटाळतो. शिखरे पाहिली म्हणावे, तर ती कॅलेंडरवरही दिसतात आणि तेथे ढग आड येत नाहीत. बर्फ पाहिले म्हणावे, तर ऐकणाऱ्याचा चेहरा आधीच कंटाळलेला असतो. मग मी खरे ते सांगून टाकतो. "कुलपं पाहिली," मी म्हणतो. ऐकणारा हसतो. कादंबऱ्या लिहिणारा मास्तर, काहीतरी चमत्कारिक बोलायचाच, अशी त्याची समजूत होते. पण मी त्यात कसलाही अलंकार घातलेला नसतो. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस मी कुमाऊंमधल्या जोहार खोऱ्यात गेलो, नऊ दिवस पायी चाललो, आणि त्या नऊ दिवसांत जी वस्तू मला सर्वांत जास्त वेळा दिसली ती कुलूप होय.

तिकडे जाण्याचे निमित्त झाले एका शाळामास्तराचे. मी घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवतो. भूगोलाच्या पुस्तकात आकडे फार. अमुक शहराची उंची इतकी, अक्षांश इतके, रेखांश इतके. मुले ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. हे आकडे कोणीतरी कुठून तरी आणले असतील, त्यापायी कोणाचे तरी पाय सुजले असतील, हे मुलांच्या मनात येत नाही. मास्तरांच्या तरी कुठे येते? अशात एकदा नैनसिंग रावत यांची हकीकत माझ्या वाचनात आली आणि मी ती रात्री दोन वाजेपर्यंत खाली ठेवली नाही.

जोहार खोऱ्याच्या अगदी टोकाला मिलम नावाचे गाव आहे. नैनसिंग तिथले. जन्म १८३० चा. ते शाळेत शिकवीत, म्हणून पुढे सर्वेक्षण खात्यात त्यांना 'पंडित' हे नाव पडले. त्या काळी तिबेटात गोऱ्या माणसाला मज्जाव होता. नकाशावर तेवढा भाग जवळजवळ कोराच. तो भरून काढण्यासाठी १८६३ साली नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मानीसिंग यांना डेहराडूनला नेऊन शिकवण्यात आले. इतर विद्यांबरोबर शिकवले काय, तर चालायला! चढ असो, उतार असो, पाऊल ठरल्या लांबीचेच पडले पाहिजे. दोन हजार पावलांना एक मैल. हातात जपमाळ, पण ती १०८ मण्यांची नव्हे, १०० मण्यांची. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद, आणि उन्नतांश मोजायला लागणारा पारा कवड्यांत भरलेला. अशा सरंजामासह, व्यापाऱ्याच्या वेषात, हे गृहस्थ १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले आणि त्या शहराचे स्थान व उंची त्यांनी पहिल्यांदा मोजून आणली. सुमारे १,२०० मैलांची वाट त्यांनी पावलांनी मोजली होती. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. आपल्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले ते २००४ साली.

ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात सांगितली, तेव्हा मुलांनी डोळे मोठे केले. मग मी रिठ्यांची शंभर मण्यांची माळ ओवून आणली आणि शाळेपासून एस. टी. स्टँडपर्यंतचे अंतर मोजायला चार मुले धाडली. चौघांनी चार अंतरे आणली. त्यातला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, चालताना कुणी हाक मारली की आकडा पळतो." तेव्हा मला प्रथम कळले की या माणसाने काय केले असेल. बाराशे मैल चालायचे, आणि कोणाच्याही हाकेने आकडा पळू द्यायचा नाही. त्या मास्तराचे गाव एकदा पाहिले पाहिजे, असे मी तेव्हाच ठरवून टाकले.

निघण्याच्या आठ दिवस आधी डोंबिवलीहून दादाचे पाकीट आले. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. चिऱ्याचे जोते, पुढे ओटी, मागे पडवी, वर कौले. आईच्या मागे ते बारा महिन्यांतले अकरा महिने बंद असते. शाकारणीला गडी मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी ऐकून छाती दडपते. दादाच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च अंगावर आलेला. एक गिऱ्हाईक घर आणि बाग एकदमच घ्यायला तयार होते. पाकिटात संमतीपत्र होते. खाली दादाची सही झालेली आणि माझ्या नावापुढची जागा रिकामी. दादाने काही चुकीचे मागितले होते असे नाही. मी ते पाकीट पाठपिशवीत तळाशी घातले. सावकाश विचार करू, असे ठरवून माणूस कागद बरोबर घेतो, तो बहुधा विचार टाळण्यासाठीच.

आम्ही तिघे होतो. मी, आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा पुतण्या. काठगोदामपर्यंत आगगाडी, पुढे जीपने दोन दिवस. बिर्थीचा धबधबा मागे टाकून कालामुनीची खिंड चढली की पलीकडे मुन्स्यारी. समोर पंचाचुलीची पाच शिखरे. पांडवांनी स्वर्गारोहणाच्या आधी शेवटचा स्वयंपाक ज्या पाच चुलींवर केला त्या या चुली, अशी कथा आहे. चूल हा शब्द मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळी त्यांवर ऊन पडले तेव्हा त्या पेटलेल्याच दिसत होत्या.

मुन्स्यारीत शेरसिंह पांगती या अध्यापकांनी आपल्या घरीच उभारलेले एक लहानसे संग्रहालय आहे. मास्तरांची जात अशी, की जुने टाकवत नाही! तेथे मी प्रथम 'करबच' पाहिले. करबच म्हणजे मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर दोहों बाजूंना लोंबणारी जाड विणीची पिशवी. एकेका जनावरावर दहा-बारा किलोंचे ओझे. अशा शेकडो बकऱ्यांचे तांडे घेऊन जोहारचे शौका व्यापारी उन्हाळ्यात ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी या तीन खिंडी एकामागून एक ओलांडत. तिन्ही पाच हजार मीटरांच्या वर. पलीकडे तिबेटात ग्यानिमाची मंडी. इकडून धान्य, गूळ, कापड न्यायचे. तिकडून मीठ, लोकर आणि टाकणखार आणायचा. थंडी पडू लागली की सारे खोरे बिऱ्हाडासह खाली उतरे आणि माल जौलजीबीच्या, बागेश्वरच्या जत्रांतून विकला जाई. वैशाखात पुन्हा वर. शतकानुशतके हा झोका चालू होता. १९६२ चे युद्ध झाले आणि खिंडी मिटल्या. पलीकडच्या धारचुला भागात लिपुलेख खिंडीतून १९९२ साली थोडाफार व्यापार पुन्हा सुरू झाला. जोहारच्या खिंडी मात्र मिटलेल्याच राहिल्या.

परवाना काढून आम्ही निघालो. बरोबर दोन खेचरे, त्यांचा मालक आणि एक वाटाड्या. वाटाड्या पन्नाशीचा, अबोल, बिडी ओढणारा. तिकडे थोरल्या भावाला 'दाज्यू' म्हणतात. आम्हीही त्याला तेच म्हणू लागलो. पहिल्या चौकीवर नोंदवहीत मी धंद्याच्या रकान्यात 'शिक्षक' लिहिले. ते पाहून दाज्यूने मला जे 'मास्साब' म्हणायला सुरुवात केली ते शेवटपर्यंत. मास्टरसाहेबचे डोंगरात झिजून झालेले रूप. आमच्याकडे ते झिजून 'मास्तर' झाले. एकाच नाण्याच्या या दोन बाजू दोन मुलखांत फिरताहेत याची मला मौज वाटली.

लीलमपर्यंत वाट उतरते आणि गोरी नदीला भेटते. गोरी हे नाव यथार्थ आहे. हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ घेऊन ती येते, त्यामुळे पाणी ताकासारखे. आवाज इतका, की दोन माणसांना शेजारी बसून ओरडावे लागते. पुढे दोन दिवस खोरे अरुंद होत गेले. बोरूसारख्या बारीक बांबूची बेटे, कड्यांवरून सुटलेले धबधबे, आणि वाट कुठे कुठे कड्यातच कोरलेली, डोक्यावर खडकाचे छप्पर. मुन्स्यारी ते मिलम मोटाररस्ता करण्याचे काम तेव्हा चालू होते. मधूनच सुरुंगाचा आवाज होई आणि खेचरे कान टवकारून उभी राहत.

बुगडियार सोडल्यावर बर्फ लागले. बर्फ पांढरे असते ही शाळेत शिकवायची गोष्ट. हिवाळ्यात वरच्या कड्यांवरून कोसळलेले हे बर्फ काळेभोर होते. त्यात माती, दगड, मोडलेल्या झाडांच्या फांद्या, एक मेलेली बकरी, सारे काही होते. नदी त्याच्या खालून वाहत होती. दिसत नव्हती, पण पायांना तिची थरथर कळत होती. दाज्यूने कुऱ्हाडीच्या दांड्याने आधी ठोकून पाहिले, कान देऊन ऐकले, मग पायऱ्या खणल्या. "मास्साब, माझ्याच पावलावर पाऊल," तो म्हणाला. मी नकळत मोजू लागलो. एकशे चौदा पावले. ती मोजताना कोणी हाक मारली असती तर मला ऐकू आली नसती. पलीकडे गेल्यावर ड्रॉइंगच्या सरांनी खिशातून आल्याच्या वड्या काढल्या आणि कोणी काही न बोलता आम्ही त्या खाल्ल्या.

रिलकोटच्या पुढे डोंगर एकदम मागे सरतात. झाडे संपतात. आकाश मोठे होते. दुपार झाली की खालून वारा सुटतो, तो पाठीत ढकलीत वर नेतो. मार्तोलीचा चढ आम्ही त्या वाऱ्याच्या मदतीने चढलो. वर पठार, आणि पठारावर गाव. दुरून पाहिले तर भरलेले गाव वाटावे. दगडी दुमजली घरे, गल्ल्या, अंगणे. जवळ गेलो तो घरांना छपरे नाहीत. तुळया मोडून आत पडलेल्या. खोल्यांत बिच्छूबुटी माजलेली, तिला हात लागला की दोन तास आग होते. चौकटी मात्र शाबूत. देवदारावर कोरलेल्या वेली, फुले, एखादा गणपती. दार जाऊन चौकट उरलेली, भिंत जाऊन दार उरलेले. आणि कितीतरी दारांना कुलूप!

तिसऱ्या गल्लीत दाज्यू थांबला. एका घराची मागची भिंत पुरती ढासळली होती. दोन पावले बाजूला सरले की आत जाता येत होते. पुढल्या दाराला मात्र पितळी कुलूप. "हे आमचं," तो म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून त्याने बिडी पेटवली.

पुतण्याने विचारले, "किल्ली आहे?"

"मुन्स्यारीत आहे. खुंटीला. आई टाकू देत नाही."

कोणी हसले नाही. दाज्यू मार्तोलीचा, म्हणून त्याचे आडनाव मार्तोलिया. तिकडे तशीच रीत आहे. बुर्फूचे ते बुर्फाल, टोल्याचे टोलिया, बिल्जूचे बिल्ज्वाल, मिलमचे मिलमवाल. गावातून माणूस उठला, हल्द्वानीला गेला, दिल्लीला नोकरीला लागला, तरी गाव त्याच्या नावाला चिकटून चालते. हे ऐकताना माझ्या पाठपिशवीतल्या पाकिटाला एकाएकी वजन आले. माझेही आडनाव शेवटी 'कर'. त्याच्या आधी जे तीन अक्षरी गाव आहे, तिथल्या घराचे कागद मी अकरा हजार फुटांच्या वर वाहून नेत होतो.

गावाच्या वरच्या अंगाला भूर्जांच्या राईत नंदादेवीचे देऊळ आहे. पहाटे तेथे गेलो. ल्वां गाडच्या खोऱ्याच्या माथ्यावर नंदादेवीचे पूर्वशिखर, ७,४३४ मीटर, उन्हात आले होते. आम्ही थंडीने दात वाजवीत उभे होतो आणि दाज्यूने घंटा वाजवली. नंदा ही त्या डोंगराची लेक. कैलासाला शंकराच्या घरी दिलेली. माहेरवाशीण म्हणून तिचे कौतुक होते ते भाद्रपद शुद्ध अष्टमीला. त्या दिवसांत लांब गेलेली माणसेही जमेल तशी परततात, असे दाज्यूने सांगितले. मी बोटांवर तिथी मोजली. आमच्याकडे गौरी येतात त्याच या तिथी. त्याच आठवड्यात कोकणातली बंद दारे उघडतात, ओट्या सारवल्या जातात, तेरड्याची रोपे घरात येतात. एवढ्या अंतराने दोन मुलखांतल्या लेकी एकाच वेळी माहेरी निघतात आणि त्यांच्यासाठी दारे उघडावी लागतात.

त्या दिवशी दुपारी बुर्फूला पोचलो. तेथे एका घरातून धूर येताना दिसला. धूर पाहून इतका आनंद मला पूर्वी झाला नव्हता. घरात एक म्हातारी, तिची सून आणि कुत्रे. आजीला तिकडे 'आमा' म्हणतात. आमाने आम्हाला चुलीशी बसवले आणि मिठाचा चहा दिला. पहिला घोट कठीण जातो, दुसऱ्यानंतर चालतो. फळीवर मिठाची प्लॅस्टिकची पिशवी होती. मी सहज उलटून पाहिली. मीठ गुजरातेतले, समुद्राचे! ज्या वाटेने हजारो बकऱ्या मीठ खाली घेऊन जात, त्याच वाटेने आता खेचराच्या पाठीवरून समुद्राचे मीठ वर चढते. मी समुद्रकाठचा माणूस. आमच्या खाडीवरही मिठागरे होती. ती पिशवी मी बराच वेळ हातात धरून बसलो, तेव्हा सुनेला वाटले, मला चहात आणखी मीठ हवे आहे.

आमाचे लग्न बासष्टच्या आधल्या वर्षी झाले. "पंधरा-सोळा वर्षांची असेन," ती सांगू लागली. "सासऱ्यांच्या चारशे बकऱ्या. त्या साली मीठ आलं नाही. म्हणाले, पुढल्या साली येईल. पुढल्या साली शिपाई आले. दोन वर्षांनी बकऱ्या विकल्या. बकऱ्यांना गिऱ्हाईक होतं, करबचांना कोण घेणार? मग मी त्यांत बटाटे भरले."

दरवर्षी बर्फ वितळले की ती मुन्स्यारीहून वर येते. बटाटे लावते, फाफर पेरते. डाळीला फोडणी द्यायला लागणारे जंबू वाळवते, त्याला खाली भाव येतो. मुलगा वर कुरणांत कीडाजडी शोधायला गेला होता. जून सरेपर्यंत तो तिकडेच. ऑक्टोबरात सारी खाली उतरतात.

ड्रॉइंगचे सर भाबडे. त्यांनी विचारले, "आमा, गावाची ओढ वाटते म्हणून येता ना?"

आमा खळखळून हसली. तिला चारच दात होते. "ओढ काय खायची असते? इथे बटाटा चांगला होतो म्हणून येते." मग चुलीत लाकूड सारून ती म्हणाली, "आणि दार कुणीतरी उघडायला लागतं. घर बाहेरून पडत नाही, मास्साब. आतून कुजतं."

मी तिला रस्त्याबद्दल विचारले. मोटार थेट दारात आली म्हणजे माणसे परत येतील का?

"येतील ना. मोटारीनं येतील," ती म्हणाली. "पण मोटारीनं आलेला मुक्काम करतो का? चालत आलेल्याचे पाय दुखतात, म्हणून तो राहतो."

हे बोलताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिची गुडघेदुखी ती मघाच सुनेला ऐकवीत होती. मोटार तिलाही हवीच होती. मग मी विचारू नये ते विचारले. तुमच्यानंतर या घराचे काय? ती जराही थांबली नाही. "सांगून ठेवलंय. ज्या साली इथे कुणीच दार उघडायला आलं नाही, त्या साली छपरावरचे पाथर ज्याला हवे त्यानं न्यावेत. चांगले पाथर आहेत. दुसऱ्याच्या घरावर पडू देत." पाथर म्हणजे छपराच्या दगडी पाट्या. तिने मान वर करून छपराकडे पाहिले, जणू त्या मोजून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मिलम. भोवती उंच उंच हिमशिखरे, चौकीतले जवान, थोडी उघडी घरे, आणि बाकी सारे मार्तोलीसारखेच, पण कितीतरी मोठे. गल्लीतून गल्ली निघते आणि संपतच नाही. एवढे गाव या उंचीवर, जेथे वर्षातून एकच पीक येते, तेथे वसले कसे, हा प्रश्न भूगोलाच्या मास्तराला पडणारच. उत्तर शेतात नाही. उत्तर खिंडीत आहे. मिलम मिठाने वसवले. मीठ थांबले तेव्हा गाव उठले. कोणी हाकलले नाही, रोगराई आली नाही, नदीने गिळले नाही. गावाचा प्राण गावात नव्हताच. तो त्याच्या पलीकडल्या वाटेवर होता.

नैनसिंगांच्या गावात उभा राहून मी त्यांच्याविषयी काही गंभीर विचार करीन अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात मला आठवले ते वडील. वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. दर महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास पोस्टमन मनीऑर्डर आणी, आणि तिच्यावर आमची चूल, शाकारणी, आजोबांचे औषध, गावच्या देवळाची वर्गणी, सारे चाले. आमच्या भातशेतीने आम्हाला कधीच पोसले नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर वडील पेटी घेऊन गावी आले आणि पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आम्ही समजत होतो, गाव आपले घर आणि मुंबई पोटासाठी. वस्तुस्थिती अशी होती की मुंबईची ती वाट होती म्हणून गावात घर होते. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. माणसे झपाट्याने येऊ लागली, आणि दीड दिवसाचा गणपती पोचवून तितक्याच झपाट्याने परतू लागली. आमाने मोटारीविषयी जे म्हटले ते आम्ही आगगाडीने अनुभवून बसलो होतो.

म्हणजे दादाचेच बरोबर होते काय? मिलमच्या त्या गल्ल्यांत मला तसे वाटून गेले. जे थांबले ते थांबले. पडक्या दाराला कुलूप लावून काय राखायचे? पण मग बुर्फूचा धूर आठवे. आमाने खिंडी उघडण्याची वाट पाहिली नाही. तिने करबचात बटाटे भरले. जुन्या वाटेचे गाणे गात बसणे तिला परवडणारे नव्हते. आणि गावाकडे पाठ फिरवणेही तिने पत्करले नाही. दोन्हींच्या मध्ये जे जमण्यासारखे होते, तेवढे ती दर उन्हाळ्यात करीत होती. आणि जमेनासे झाले तर काय, याचीही निरवानिरव तिने करून ठेवली होती.

परतीच्या वाटेवर बर्फाचा तो पूल बराच खचला होता. आम्हाला वरून वळसा घालावा लागला. दाज्यू म्हणाला, "आता आठ दिवसांत नदी उघडी होईल." पुढे काही विशेष घडले नाही. पंधरा जूनला शाळा उघडली तेव्हा माझ्या नाकाचे साल निघाले होते आणि मुलांची त्यावर चांगली करमणूक झाली.

त्याच वर्षी भाद्रपदात मी गावी गेलो. दादा आला होता. गौरी जेवल्या, दुपारी ओटीवर आम्ही दोघे बसलो, आणि मी त्याला आमाची गोष्ट सांगितली. दादा व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "गोष्ट चांगली आहे रे, पण फी गोष्टीनं भरता येत नाही." ते खरेच होते. मग आम्ही पाटीवर मांडावा तसा हिशेब मांडला. रस्त्याकडली बाग विकायची, घर ठेवायचे. बागेत आजोबांनी लावलेली हापूसची बारा कलमे होती. त्यांतल्या एकावरून मी लहानपणी पडलो होतो. ती गेली. आलेले पैसे दादाच्या मुलीच्या शिक्षणाला लागले. आज ती कमावते. आणि घराबद्दल आमचे असे ठरले, की दर भाद्रपदात दोघांपैकी एकाने तरी येऊन दार उघडायचे. ज्या साली कोणीच येणार नाही, त्या साली दुसऱ्याला न विचारता विकून टाकायचे. संमतीपत्र मी फाडले नाही. ते माजघरातल्या फडताळात आहे, माझ्या सहीसकट. तारीख तेवढी घातलेली नाही.

२०२० सालच्या साथीत दादाला येता आले नाही; मुंबईहून येणाऱ्यांना गावी दहा दिवस वेगळे राहावे लागत होते. मी ई-पास काढून घाट उतरलो, दार उघडले, एका रात्री केर काढला, पणती लावली, आणि तिसऱ्या दिवशी परतलो. गणपती त्या वर्षी शेजाऱ्यांच्या घरी पाहिला. पुढल्या वर्षी दादा आला आणि त्याने पडवीची चार कौले स्वतः बदलली. त्याच्या वयाला ते शोभले नाही, पण बदलली.

मधूनमधून दाज्यूला फोन करतो. तो थोडे बोलतो. गेल्या उन्हाळ्यात मी आमाची चौकशी केली. आमाचे गुडघे आता साफ गेले, ती मुन्स्यारीलाच असते, असे तो म्हणाला. मी काही विचारण्याच्या आत त्यानेच पुढे सांगितले, की सून वर गेली आहे, बटाटे लावून झाले आहेत, आणि पाथर छपरावरच आहेत.